कामी आला

मला आधी तुझ्याशी भांडायचं हाय. रडायचं मग बघू. गावातल्या बायका म्हणत्यात, आक्काचं काळीज दगडाचं हाय. आईच्या माघारी भावाला पोटच्या पोरावानी वाडवला, त्यो लढाईत गेला, तरी हिच्या डोळ्याला पाणी न्हाय. म्हणंनात. त्यांच्या बाचं काय जातंय?

काल तुझं बारावं झालं. पावणंरावळं जेवून गेलं. भावकीनं तुझी काठी आन् जुनं घोंगडं मातीत पुरलं आन् वर दगूड ठेवला. जलमभर मी 'तुझा मुडदा बशिवला' म्हणत आले, आन् खरंच बसवायच्या वक्ताला मुडदाच न्हवता. तू तिकडं समुद्रापल्याड, बसऱ्याच्या वाळूत कुठं ऱ्हायलास, कुणी मूठभर माती तरी टाकली का न्हाय, हे सांगणारं कोण न्हाय. आज मेंढरं घेऊन तुझ्या खडकाळ रानात आलीया. हितं ऐकायला कोण न्हाय, म्हणून बोलती.

ह्या रानावरनं आपलं भांडाण अर्धंच ऱ्हायलंय, आठवतंय न्हवं? तुला हितं जोंधळा करायचा हुता. मला मेंढरास्नी चारा पायजे हुता. तू म्हणायचास, "आक्का, धनगरानं काय जलमभर दुसऱ्याच्या रानात मेंढरं बसवायची? खत आपलं आन् कणसं त्यांची?" मी म्हणायची, "मेल्या, चार दगूड उचललंस म्हंजे रान हुतंय व्हय?" तर तू हट्टानं पहार घेऊन यायचास. मेंढरं एकीकडं पसरायची, तू दुसरीकडं दगूड उपसत बसायचास. कुणाच्या तरी शाळूत मेंढरू घुसायचं, आन् त्या शेतकऱ्याच्या शिव्या मी खायची. अर्धं रान तू साफ केलंस. बांधाला दगडाची रास अजून तशीच हाय. उरलेल्या अर्ध्यात पाय ठेवायला जागा न्हाय. आज बी म्हणती, माझंच खरं हुतं, हितं चाराच बरा. पर भांडायला समोर माणूस नसला की आपलं खरं असून बी त्याला चव येत न्हाय.

तुला रोज एकच म्हणायची मी. "मुडद्या, धड मेंढरं राखत न्हाईस, धड शेत करत न्हाईस, तू कुणाच्या कामी येणार हायस रं?" तू हसायचास. भाकरीवरला ठेचा बोटानं चाटत म्हणायचास, "येईन की एक दिवस."

लोकास्नी वाटायचं, ही बाई तोंडाची लईच वाईट. ह्या मुलखात कुठली आई, कुठली बहीण पोराला मेल्या, मुडद्या म्हणत न्हाय? सगळ्याच म्हणत्यात. पर बाकीच्या कधीतरी नावानं बी हाक मारत्यात. म्या कधीच मारली न्हाय. त्याचं कारण तुला कधी सांगितलं न्हाय, आता ऐक.

माझ्या मागनं आन् तुझ्या आधी आईला झालेली लेकरं जगली न्हाईत. मग तू झालास. आईनं आपल्या धनगरांच्या देवाला नवस बोलून तुला देवाचंच नाव ठेवलं, आन् मग तेच नाव घ्यायला ती भ्यायची. पिलेग आला, गाव उठून माळावर गेलं, तवा तू रांगत हुतास. झोपडीत आधी बा गेला. मग आईच्या काखंत गाठ आली. माझा नवरा त्याच्या आदल्या सालीच गेला हुता, मी माहेरीच हुते. आईनं तुला माझ्या मांडीवर ठेवला, आन् लांब सरकून बसली. म्हणाली, "ह्याला नावानं हाकारू नगंस. चांगल्या नावाची लेकरं त्याला लगीच दिसत्यात. मेल्या म्हण, मुडद्या म्हण. म्हंजे त्याला वाटंल, ह्याला आधीच न्हेलाय." 'त्यो' म्हंजे कोण, ते तिनं सांगितलं न्हाय, आन् म्या इचारलं न्हाय.

तवापासनं मी तुझ्यावर पहाराच ठेवला बघ. तुला ताप आला की माझ्या तोंडाचा पट्टा जास्त चालायचा. विहिरीत पोहायला शिकत हुतास तवा काठावर हुबी ऱ्हाऊन वरडायची, "बुड मेल्या, बुड एकदाचा!" खालनं तू फुर्रकन पाणी उडवायचास. मला भिजवून हसायचास. बायका कानावर हात ठेवायच्या. मी मनात म्हणायची, झाका कान बायांनो, माझं पोरगं बुडत न्हाय ते ह्याच्यामुळंच.

तुझ्या लग्नात तर कहरच झाला. तू बाशिंग बांधून हुबा, आन् मी सगळ्यांच्या देखत म्हटलं, "मेल्या, पाठ ताठ कर की!" तुझी नवरी, आपली तानी, कागलाकडनं आलेली. अंतरपाटामागं घाबरून गेली पोरगी. नंतर तिला कळलं. मग तीच शेजारणींना सांगायची, "आमच्या वन्सं शिव्या देत्यात म्हणून ह्यांना कधी शिंक बी येत न्हाय." तिचा लई इस्वास माझ्या तोंडावर. माझ्यापेक्षा जास्त.

मग चावडीपुढं ढोल वाजला. बसऱ्याच्या लढाईसाठी भरतीचा माणूस आलता. महाराजांच्या राज्यातली पोरं मागं ऱ्हायची न्हाईत, असं कायबाय बोलला. पाटलाची पोरं, माळ्याची पोरं छाती फुगवून हुबी ऱ्हायली. त्यात कोण तरी तुला म्हणालं, धनगरा, तू जा, मेंढरं वाट बघत असतील. तेवढंच तुझ्या डोक्यात शिरलं. घरी येऊन म्हणालास, "आक्का, मी नाव दिलंय."

मी चुलीपुढनं उठले. हातात फुकणी हुती. "कुणाशी भांडाण हाय तुझं? त्या बसऱ्याच्या लोकांनी तुझा बांध कोरला का?"

"बांध न्हाय कोरला."

"मग? विलायतेच्या राजाची मेंढरं चुकल्यात व्हय? ती वळायला तू पायजेस?"

तू मान खाली घालून म्हणालास, "सगळी म्हणत्यात, ह्याला मेंढरामागं चालायशिवाय काय येत न्हाय. आन् तू तर रोजच म्हणतीस, कुणाच्या कामी येणार म्हणून. एकदा येतो की कामी."

 'तू माझ्या कामी येतोस रं, तेवढं बास झालं', एवढंच मला म्हणायचं हुतं. ते सोडून मी म्हटलं, "जा मेल्या, उलथ तिकडं." आन् फुकणी घेऊन परत चुलीपुढं बसले.

पलटणीत शिकून सुट्टीवर आलास तो दिवस मात्र मी कधी इसरायची न्हाय. खाकी कपडं, पायात बूट, पिंढरीला पट्ट्या. गल्लीतली पोरं मागनं पळत हुती. रुबाबात तू मेंढरांच्या वाड्याचं फाटक उघडलंस, आन् मेंढरं बुजून सगळी एका कोपऱ्यात. आपला खंड्या, तुझ्या हातची भाकरी खाल्लेला कुत्रा, तुझ्यावरच भुंकाय लागला. तुझा चेहरा बघण्यासारखा झालता. मी पोट धरून हसले. "बघ मुडद्या, मेंढरास्नी बी कळतंय ह्यो सरकारी झाला!"  बूट काढलंस, पट्ट्या सोडल्यास, घोंगडं पांघरलंस आन् खाली बसून 'हुर्रऽ हुर्रऽ' केलंस. मग एकेक करून आली सगळी. तुझं तोंड हुंगलं, कान चाटलं. तू बराच वेळ तसाच बसून ऱ्हायलास. तानी घराच्या सोप्यातनं बघत हुती, पदरानं डोळं पुसत हुती. म्या तवा म्हणायला पायजे हुतं, नगं जाऊस, कपडं देऊन टाक परत. पर घेतलेलं कपडं परत देता येत न्हाईत, असं कोण तरी सांगितलं हुतं, आन् मला ते खरं वाटलं.

हातकणंगल्याच्या टेसनावर तुला सोडायला आलो. गाडीत सगळी पलटणीची पोरं. तानी लाजून खांबाआड. तू खिडकीत. गाडी हालली तशी मी पळाले आन् वरडले, "नीट जा मेल्या! भाकरी दुपारच्याला खा, नासवू नगंस! तुझा मुडदा बशिवला!"

तुझ्या शेजारचा कोण पुण्याकडचा पोरगा हुता, पांढरा पडला. "अहो बाई, लढाईला चाललाय तो! असं काय बोलता?"

तू त्याच्या पाठीवर थाप मारलीस. "माझी आक्का हाय ती. ती गप बसली असती तर मी भ्यालो असतो."

हे तुझं शेवटचं बोलणं. पुढचं गाडीच्या आवाजात गेलं.

नंतर सगळं गपगार. पेरा झाला, काढणी झाली, मेंढरं दोनदा कातरली. तानी घरात आन् मी रानात. मग एक दिवस भर दुपारचा तालुक्याकडनं शिपाई आला. सायकल न्हाय, घोडं न्हाय, चालत. पायावर गुडघ्यापातूर धूळ. दारात हुबा ऱ्हाऊन त्यानं तुझं सगळं नाव घेतलं, बाच्या नावासकट, आन् म्हणाला, "त्यांची बहीण तुम्हीच का? सरकारातनं खबर आली आहे. तुमचा भाऊ लढाईत कामी आला."

कामी आला!

अरं, मी आभाळाला हात लावायचीच ऱ्हायले हुते. एवढी वरसं ज्याला कुणाच्या कामी येणार म्हणून टोचलं, त्यो सरकाराच्या कामी आला! आन् ते सांगायला तालुक्याचा माणूस एवढ्या उनातनं चालत आला! मी तानीला हाक मारली, "ताने, ऐकलंस का? आपला मेला कामी आला की गं!" ती सोप्यातनं धावत आली, तोंडावर हसू मावंना. मी आत जाऊन ढेपेतला गुळाचा खडा फोडला, पाण्याचा तांब्या आणला, शिपायाच्या हातावर गूळ ठेवला.

शिपाई त्या गुळाकडं बघत ऱ्हायला. म्हणाला, "बाई, समजलं ना मी काय म्हणालो ते?"

"समजलं की! मी काय बहिरी हाय व्हय? खावा गूळ, त्वांड गोड करा!"

त्यानं पाणी पिलं. गूळ खाल्ला न्हाय, रुमालाच्या टोकाला बांधला. मला वाटलं, घरी लेकरांस्नी न्हेत असंल. दोनदा वळून बघितलं त्यानं, आन् गेला. त्याला शिव्या द्याव्या म्हणती, पर कुठल्या तोंडानं? त्याचं त्यानं सांगितलं हुतं. आपल्या आईवानीच त्याला बी उघडा शब्द बोलवला न्हाय.

मी गल्लीभर गूळ वाटला. दारोदारी जाऊन सांगितलं, माझा भाऊ कामी आला. कुणी हसून घेतला. कुणी घेतला आन् आत निघून गेलं. पाटलाच्या म्हाताऱ्यानं हातावर गूळ घेतला, माझ्याकडं बघितलं आन् म्हणाला, "पोरी, टेक जरा." मी म्हटलं, टेकायला येळ कुठं हाय आबा, अजून वरली गल्ली ऱ्हायलीया. तानीनं तर कासाराला बोलावून कोपरापातूर हिरवा चुडा भरला. म्हणाली, आता येतील की साहेबाची शाबासकी घेऊन. मीच म्हटलं, भर, भर, दोन जास्तीच्या भर.

पुढच्या बाजाराला मी एक बकरू विकायला न्हेलं. तुझा दोस्त बाबालाल मुल्लाणी तिथं हुता. आपली बकरी न्हेमी त्योच घेतो, आन् भाव करताना माझ्याशी भांडल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत न्हाय. त्या दिवशी त्यानं बकऱ्याची दोरी हातात घेतली, पर दराचं काय काढलंच न्हाय. म्हणाला, "आक्का, गावात गूळ वाटलासा म्हणं?"

"वाटणार न्हाय तर काय! तुझा दोस्त कामी आला. तुला बी आणलाय, घे."

त्यानं हात पुढं केला न्हाय. "कुणी सांगितलं, काय म्हणाला, परत सांगा." मी परत सांगितलं. बाबालाल तिथंच धुळीत बसला. बकऱ्याची दोरी त्याच्या हातातनं सुटली.

"आक्का, माझा चुलता पलटणीत हुता. त्याची खबर बी अशीच आलती. लढाईत कामी आला म्हणत्यात ते..." त्यानं टोपी काढून हातात धरली. "त्यो आता येत न्हाय, आक्का."

"येत न्हाय म्हंजे? रजा न्हाय का?"

 भर बाजारात, एवढा दांडगा गडी, लहान पोरावानी रडाय लागला. तवा मला कळलं. बकरू कुठं गेलं, कुणी न्हेलं, मला ठावं न्हाय.

मी घराकडं चालले. बाबालाल म्हणाला, मी येतो संगं. मी म्हटलं, नगं. तानीला मीच सांगायला पायजे हुतं, ते काम दुसऱ्याचं न्हाय. हातात हिरवा चुडा भरून बसलेली पोरगी, तिला आणखी एक दिवस तरी कसं हसत ठेवायचं? वाटंनं मी शब्द शोधत हुते. शिपाई म्हणाला कामी आला. बाबालाल म्हणाला येत न्हाय. सगळी आडून आडून बोलणारी. मी म्हटलं, मी उघडच सांगणार. मेला म्हणणार. माझ्या तोंडाला त्या शब्दाची सवय हाय, मला काय अवघड जायचं न्हाय.

घरी आले तवा तानी सोप्यात लोकर पिंजत बसली हुती. काळी काळी निवडून तिनं येगळी रास केली हुती. "वन्सं, ही बघा. ह्यांचं नवं घोंगडं करू. जुनं किती इरलंय." हात हालंल तसा चुडा वाजत हुता.

म्या म्हटलं, "ताने, मेला गं."

तिनं मान वर केली न्हाय. "आता काय केलं त्यांनी? इतक्या लांब गेल्यात, तरी तुमी काय सोडंनासा त्यास्नी."

"अगं मेला म्हणती न्हवं मी! खरंच मेला!"

"व्हय, व्हय." ती हसली. "म्हणा अजून चार डाव. तुमच्या म्हणण्यानंच आयुष्य वाडतंय त्यांचं. पाणी देऊ का? उनाचं आलासा."

मी वरडले. तिच्या पुढनं लोकर वढली. "मुडदा बसला त्याचा, कळंना का तुला!" ती आपली हसतीच हाय. त्या घरात आल्यापासनं रोज ऐकलेलं ते, त्यात तिला नवीन काय ऐकू येणार? ज्या शब्दानं सांगायचं, त्यो शब्द मीच रोज वापरून वापरून गुळगुळीत करून ठेवला हुता. आता खरा झाला तर त्याला कोण मानंना. माझ्या तोंडात दुसरा शब्दच न्हवता रं. ती पाण्याचा तांब्या आणायला उठत हुती.

मी तिचं दोन्ही हात धरलं. तिला खाली बसवली, तिच्यासमोर मी बसले. आन् म्हटलं, "बिराप्पा गेला."

चुडा वाजायचा थांबला. ती माझ्या तोंडाकडं बघत ऱ्हायली. हळूच म्हणाली, "काय म्हणालासा?"

"बिराप्पा गेला, ताने."

"तुमी नाव घेतलंसा," ती म्हणाली. "वन्सं, तुमी त्यांचं नाव घेतलंसा."

आन् मग तिनं जो हंबरडा फोडला, त्यानं सगळी गल्ली गोळा झाली. तिला दुसरं काय सांगायलाच लागलं न्हाय.

एवढी वरसं म्या तुझं नाव जपून ठेवलं रं बाळा. पहिल्यांदा तोंडातनं काढलं, ते तुला हाक मारायला न्हवं.